करंजवाडीत औषध कुणी करायचं?

वाचकहो, एक सांगा. तुम्ही तापानं फणफणला आहात, जवळपास दवाखाना नाही, मेडिकल नाही, आणि औषध तिथंच तुमच्या डोळ्यांसमोर तयार करायचं आहे. समोर दोन माणसं उभी आहेत. एकाला औषधाबद्दल सगळं माहीत आहे, पण त्यानं आयुष्यात कधी चहासुद्धा गाळलेला नाही. दुसरीचा हात असा की पातेल्यातला थेंब इकडचा तिकडे होत नाही, पण पातेल्यात नेमकं काय घडतंय ते तिला सांगता येणार नाही. कुणाच्या हातचं औषध घ्याल? ‘दोघांनी मिळून करावं’ हे उत्तर चालणार नाही. ते हसनाबादच्या शिंदे सरांनी फार पूर्वीच देऊन ठेवलंय, आणि त्याचा कुणालाही काही उपयोग झालेला नाही.

मामा, वाचक विचार करतायत तोवर मी तुझ्याशी बोलून घेते.

परवा, तू गेल्यानंतरचा, तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग भाषणं झाली. तू मनमिळाऊ होतास असं सहा जणांनी सांगितलं. एकानं तर तू मितभाषी होतास असंही सांगितलं, तेव्हा मामी माझ्याकडे बघायला लागली. तुझ्या आजाराचं नाव सगळ्यांनी इतक्या वेळा घेतलं की मी ते इथे घेणार नाही. पण तू वडीगोद्रीच्या तुझ्या मेडिकलमध्ये, बिलं काढायच्या कॉम्प्युटरवर, कित्येक वर्षं एक अख्खं गाव चालवलंस, हे एकाही वक्त्यानं सांगितलं नाही. मी उठायला लागले तर मामीनं माझी ओढणी धरून खाली बसवलं. म्हणून आता लिहिते. आपल्या घरात तोंडी राहिलेलं लेखी मांडायचा रिवाज आहेच.

तो रिवाज आजोबांचा. तुझे वडील. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत चळवळीची पत्रकं होती, आणि मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवर. इतर पोरं ‘अ अननसाचा’ शिकली, मी ‘अ अन्यायाचा’ शिकले. अननस मी पुढे बऱ्याच वर्षांनी बघितला. आजोबांचा नियम होता की घरात भांडण आवाज चढवून करायचं नाही. तक्रार असेल त्यानं पत्रक काढायचं. वर मथळा, मध्ये मुद्दे, खाली मागण्या, सगळ्यात शेवटी नाव. निनावी पत्रक फाडून टाकलं जाई. तू लहानपणी माझ्या आईच्या, म्हणजे तुझ्या ताईच्या, विरोधात काढलेलं पत्रक त्या पेटीत अजून आहे. मथळा: ‘ताईला दोनदा बासुंदी कशी?’ मागणी एकच: ‘मलाही.’

मेडिकलमधल्या प्रिंटरवर माझं पहिलं पत्रक तूच छापून दिलंस, मामा. जुन्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजूवर. पुढून मी मुलींच्या एसटी पासबद्दल जाब विचारत होते आणि मागून कुणीतरी खोकल्याचं औषध घेतलं होतं. त्या पत्रकानं पास मिळाला की नाही हे तू कधी विचारलं नाहीस. वाचून एवढंच म्हणालास की मागणी तिसऱ्या ओळीत आहे, ती पहिल्या ओळीत घे. तेव्हापासून मी मागणी पहिल्या ओळीत घेते. या लेखातही घेतली आहे.

आता त्या गावाबद्दल सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी असला गेम पाहिलेला नसेल. पडद्यावर वरून दिसणारं एक माळरान असतं. तिथं चार-पाच माणसं येऊन पडतात आणि आपण त्यांच्याकडून शेत नांगरून घ्यायचं, घरं बांधून घ्यायची, आजाऱ्यांना बरं करायचं. प्रत्येकाच्या नावापुढे कौशल्यांचे आकडे असतात, शून्यापासून वीसपर्यंत: शेती, स्वयंपाक, बांधकाम, वैद्यकी, बुद्धी. ज्या कामाला जे कौशल्य लागतं त्याचा आकडा मोठा, तर काम चांगलं. आकडा लहान, तर भिंत पडते, भात करपतो, माणूस मरतो. गेम मीच तुला आणून दिला होता. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा तू पेंगू नयेस एवढाच हेतू होता. तू गावाचं नाव करंजवाडी ठेवलंस आणि माणसांना घरातल्यांची नावं दिलीस. एक लता, म्हणजे मामी. एक प्रज्ञा, म्हणजे मी. एक शिंदे सर, कारण ते तुझे शाळेपासूनचे मित्र आणि हसनाबादला शिक्षक असूनही रोज फोनवर करंजवाडीची खबर विचारायचे. स्वतःचं नाव मात्र तू कुणाला दिलं नाहीस. वरून बघणारा एक जण लागतो म्हणालास.

पहिलं भांडण आपण मिळून केलं, ते मला आवडतं आठवायला. करंजवाडीत काही माणसं अशी यायची की त्यांच्या नावापुढे बुद्धीच्या जागी आकडाच नसायचा, आडवी रेघ. म्हणजे हा माणूस डोक्याचं काम करू शकत नाही. का, तर त्याचा जन्म अमुक घरात झाला आणि तो लहानपणापासून तमुक काम करत आला. मी खुर्चीवरून उठलेच. हे आपण कुठं ऐकलंय, असं मी विचारलं, आणि तू म्हणालास की घरी पेटीतल्या प्रत्येक पत्रकात. गेम बनवणाऱ्या कंपनीला मी मराठीत निषेधपत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. मग तीन दिवस व्हिडिओ बघून मी गेमच्या फाइली उघडायला शिकले आणि ती रेघ काढून टाकली. करंजवाडीत आता कुणालाही काहीही शिकता येतं. त्या दिवशी तू दुकानात पेढे वाटलेस, आणि गिऱ्हाईकं विचारत होती की भाची पास झाली का.

पण फाइली उघडता येतात म्हटल्यावर तुझी नजर औषधाच्या ओळीवर गेली. औषध तयार करायला कोणतं कौशल्य लागतं? गेमवाल्यांनी लिहिलं होतं, वैद्यकी. म्हणजे जो उपचार करतो त्यालाच औषध बनवता येतं. डी. फार्म. झालेल्या माणसाला हे वाचवेना.

“डॉक्टरला मलम करता येतं?” तू विचारलंस. “त्याला ‘मलम’ लिहिता येत न्हाई बराबर. मी रोज वाचतो की.”

वैद्यकी आपण एकमतानं खोडली. तिथं नवा शब्द लिहायची वेळ आली आणि मी लिहिलं बुद्धी, तू म्हणालास स्वयंपाक. दोघंही हसलो, कारण दोघांनाही वाटलं की समोरचा गंमत करतोय.

तुझी बाजू मी प्रामाणिकपणे मांडते, कारण आता तुला ती मांडता येत नाही. फार्मसीच्या पहिल्या वर्षाला तू प्रॅक्टिकलला नापास झालास. गंधकाचं मलम करायचं होतं आणि त्यात गुठळ्या राहिल्या. पुस्तक तुला तोंडपाठ होतं. खोलीवर परत आलास, तर तुझा जोडीदार पिठलं करत होता. त्यानं पीठ आधी थोड्याशा गार पाण्यात घोटून घेतलं, मग तव्यावर ओतलं, आणि एक गुठळी नाही. तू सगळी पावडर एकदम मलमात टाकत होतास. दुसऱ्या दिवशीपासून महिनाभर तुमच्या खोलीत दोन्ही वेळा पिठलं, आणि पुढच्या परीक्षेत तू वर्गात पहिला. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की मलाच ते पिठलं खाल्ल्यासारखं वाटतं. तिच्यातून निघालेला तुझा सिद्धांत एका ओळीचा होता: ज्याला बिनगुठळीचं पिठलं येतं त्याला औषध येतं.

मी म्हटलं, आधी करून दाखव. मग ओळीत ‘स्वयंपाक’ लिहिलं आणि करंजवाडीच्या स्वयंपाकिणीला औषध करायला बसवलं. गावात साथ आली. पंधरवड्यात तिघं मेली. तू म्हणालास, तिची पाळलेली शेळी मेली होती, तिचं मन थाऱ्यावर नव्हतं, यात सिद्धांताचा काय दोष? हा सरळसरळ पळपुटेपणा होता, आणि आजोबांच्या नातीनं काय करायला हवं होतं? मी घरी जाऊन मैद्याची खळ केली आणि सकाळी दुकानाच्या शटरवर पत्रक लावलं.

‘जाहीर धिक्कार! स्वयंपाकघरात घोटलेल्या औषधानं करंजवाडीत तिघांचा बळी. लता, शिंदे सर आणि प्रज्ञा यांच्या मृत्यूला जबाबदार कोण? मेडिकलमामा अजून गप्प का?’ खाली माझं नाव.

पत्रकातलं एकही वाक्य मी आजही मागे घेत नाही. तिघं मेली होती, औषध तुझ्याच सिद्धांताचं होतं आणि तू गप्पच होतास. महामार्गावरच्या लोकांना करंजवाडी कुठंय ते ठाऊक नव्हतं, त्याला मी काय करणार? दुपारपर्यंत एका ट्रकवाल्यानं डोकेदुखीच्या गोळ्या परत आणून दिल्या. उसाच्या रसवाल्यानं पत्रकाचा फोटो काढून गावभर पाठवला. तो फोटो हसनाबादला शिंदे सरांच्या शाळेत पोचला आणि सर वर्गात फळ्यावर गणित घालत असताना, शाळेला सुट्टी द्यायची का अशी विचारणा झाली. तू पत्रक वाचलंस तेव्हा एवढंच म्हणालास, “खळीत गुठळ्या हायेत. अन् ही बुद्धीची बाजू मांडून राह्यली.”

तिसऱ्या दिवशी जालन्याहून तपासणीचे साहेब आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पत्रकाची प्रत. दुकानाच्या मागच्या खोलीत औषधं घोटली जातात का, ते बघायचंय म्हणाले. मागच्या खोलीत मामी चहा करत होती. ती ट्रे घेऊन बाहेर आली. साहेबांनी मयतांची नावं वाचायला सुरुवात केली आणि लता कोण, असं विचारलं.

“मीच,” मामी म्हणाली. “मेले मी मागच्या हप्त्यात. साखर किती घालू?”

साहेबांनी मामीकडे बघितलं, मग चहाकडे बघितलं. त्यांनी विचारलं, दुसरी मयत प्रज्ञा म्हणजे कोण. तू माझ्याकडे बोट केलंस. साहेब म्हणाले, पत्रकाखाली सहीही हिचीच आहे. तू म्हणालास, आमच्या घरात मेलं तरी तक्रार स्वतःच लिहावी लागते. मग तू स्टूल पुढे ओढलंस, कॉम्प्युटर चालू केलास आणि साहेबांना करंजवाडी दाखवलीस. दफनभूमी दाखवलीस. शेळीसुद्धा दाखवलीस.

साहेब बराच वेळ बसले. आधी हसले, मग गंभीर झाले, मग त्यांनी स्वतःचं मत दिलं. त्यांच्या मते स्वयंपाकही नको नि बुद्धीही नको. औषध कधी केलं, कशात केलं, कुठल्या मालातून केलं हे लिहून ठेवणारा माणूस पाहिजे. औषध म्हणजे नोंद. आपण दोघंही एकदम त्यांच्यावर तुटून पडलो. त्या एका क्षणी आपण पुन्हा एका बाजूला होतो. जाताना साहेबांनी पत्रक शटरवरून उतरवायला सांगितलं आणि शेळी कशानं मेली ते विचारलं.

पत्रक उतरवलं. वाद उतरला नाही. आता माझी पाळी होती. गेम मागे नेला की मेलेली माणसं परत उठतात; तसा तो मागे नेला आणि ओळीत ‘बुद्धी’ लिहिलं. करंजवाडीत एक विद्वान होता, आकडा अठरा. लता पुन्हा आजारी पडली आणि औषध करायचं काम विद्वानाला दिलं. तो निघाला, वाटेत थांबून चांदणं बघत बसला, नंतर त्याला ग्रंथ वाचायची लहर आली. औषध केलं ते उत्तम केलं. घेऊन पोचला तेव्हा लता थंड झाली होती. दुसऱ्या दिवशी शटरवर तुझं पत्रक होतं. बासुंदीनंतरचं पहिलंच. ‘विद्वानाची वाट बघता बघता सौ. लता परत वारल्या. शोकाकुल: मेडिकलमामा.’ खळ गुळगुळीत होती, हे मला कबूल करावं लागलं.

मामीनं दोन्ही पत्रकं वाचली. “तुमचं काय ते ठरवा,” ती म्हणाली. “पर दोन्ही पक्षांत मरायची मीच का?”

 

एकदा मात्र आपण न हसता बोललो होतो. आठवतं? दुकान बंद करून तू शटरला कुलूप घालत होतास आणि मी म्हटलं होतं की तुला कळत नाही मी का अडून बसले ते. औषधाचा गुण हातात आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, हात कुणाचा. आणि तो प्रश्न एकदा आला की कुणाच्या हातचं चालतं नि कुणाच्या हातचं चालत नाही, हेही येतं. आपल्या घराला ते माहीत आहे. आजोबांच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं. पण त्यांनी वाचून जे मिळवलं त्याला कुणी शिवाशिव लावू शकलं नाही. म्हणून बुद्धी. म्हणून शिक्षण. मी बोलत राहिले आणि तू कुलूप हातात धरून ऐकत राहिलास.

मग म्हणालास, “बराबर हाये तुझं. पर पिठलं बी शिकावंच लागतं ना? मी काय आईच्या पोटातून शिकून आल्तो? तू हाताला अडाणी समजून राह्यली, प्रज्ञा. हाताला बी कुणीतरी शिकवलेलं असतं.”

मी घरी जाऊन याला उत्तर लिहायला बसले. मथळा झाला, मागण्या झाल्या, मधले मुद्दे सुचेनात. ते पत्रक तसंच आहे.

मग तू आजारी पडलास. गिळता येईना, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या बारीक करून पाण्यातून द्या. मामी दुकान बघत होती, तिथं हाताखाली एक फार्मसिस्ट मुलगी ठेवली होती. दुपारचं औषध माझ्याकडे आलं. म्हणजे पहा, एवढ्या वादानंतर खरोखरचं औषध करायला कोण बसलं, तर एम. ए. झालेली आणि खळीत गुठळ्या करणारी मी. तू पलंगावर उशीला टेकून बघत होतास. खलबत्त्यात गोळी टाकली आणि पहिल्याच घावाला अर्धी गोळी उडून कपाटाखाली गेली. तुझे डोळे हसत होते. बोलायला त्रास व्हायचा म्हणून तू बोटांनी गुण द्यायचास, वीसपैकी. त्या दिवशी एक बोट दाखवलंस, मग विचार करून ते अर्धं दुमडलंस.

दुसऱ्या दिवशी मी जोरात कुटलं, पाणी एकदम ओतलं आणि कपात बेसनाच्या गोळ्यांसारखं काहीतरी तरंगायला लागलं. दोन बोटं. मी म्हटलं, ही दया आहे. तू मान हलवलीस: दुसरं बोट प्रयत्नाला.

एकदा नवी स्ट्रिप आली होती आणि तीही मी खलबत्त्यात टाकणार होते. मामी शेजारी होती, तीही टाक म्हणाली. तू तोंड घट्ट मिटून घेतलंस, लहान मूल औषधाला करतं तसं. आम्ही दोघी चिडलो. तू हातानं स्ट्रिप मागितलीस, तिच्या पाठीवरच्या बारीक अक्षरावर नख टेकवलंस आणि माझ्या पुढ्यात धरलीस. ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळायची होती. कुटली असती तर सगळी एकदम अंगात गेली असती. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी त्या गोळीऐवजी तेच औषध पातळ रूपात लिहून दिलं. फोन ठेवल्यावर मी तुला म्हटलं, हे बघ मामा, हे हाताला कळलं नसतं, इथं वाचावंच लागलं, म्हणजे बुद्धी. तू आजारी होतास म्हणून काय झालं? मुद्दा मुद्दा असतो. तू कण्हत कण्हत हसलास आणि एक बोट दाखवलंस. मला नाही, बुद्धीला. त्या वादात तुझ्याकडून मिळालेला तो माझा एकमेव गुण.

शिंदे सर भेटायला आले त्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त आठवतं. इतकी वर्षं ‘दोघांचंही बरोबर’ म्हणत आलेले सर पलंगाशी बसले, तुझा हात धरला आणि म्हणाले की माझं मत तुला, औषधाला स्वयंपाकच पाहिजे. मला वाटलं तू खूश होशील. तू हात सोडवून घेतलास.

“मी बिमार हाये म्हणून देऊन राह्यला का?” तुझा आवाज फाटका होता, पण ऐकू आला. “ठिव तुझ्यापाशी.” मग माझ्याकडे वळलास. “तू बी ऐक. मी गेल्यावर माझ्या बाजूनं लिहू नको. रडून दिलेलं मत बाद.”

सर रागावून गच्चीवर गेले आणि तिथं रडले. मी खाली रडले. तू झोपलास.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी जे शेवटचं औषध केलं, ते मी तुझ्या पद्धतीनं केलं. गोळी हळू घोटली, चार थेंब पाण्यात कालवून घेतली, मग बाकीचं पाणी. वेळ लागला. बोटांना ते कळत गेलं, डोक्याला नंतर कळलं. गुठळी होती, मी सांगते, एक होती, पण बारीक. तू चमच्या-चमच्यानं सगळं घेतलंस. मी कप हातात धरून विचारलं, किती. तू माझ्याकडे बघत राहिलास.

“पाणी दे,” म्हणालास.

मी पाणी दिलं. गुण राहूनच गेले.

मामा, तू प्रत्येक गोष्टीला गुण द्यायचास. आमटीला, भाषणाला, रसवाल्याच्या बर्फाला. त्या कपाला का नाही दिलास? विसरलास, की तो कप तुला वाद न वाटता नुसतं औषध वाटला? मी तो हिशोब रोज मांडते आणि रोज मोडते.

आणि आता अडचण अशी आहे. तू आजारी पडलास तेव्हा औषधाची ओळ आपण रिकामी ठेवली होती, ठरलं की भरू म्हणून. ती रिकामी असली की गेम चालत नाही. करंजवाडी थांबली आहे. आणि थांबली आहे ती कुठं, तर लता तिसऱ्यांदा आजारी पडून अंथरुणावर आहे आणि औषध करायला अजून कुणी गेलेलं नाही. कार्यक्रम आटोपून लोक पांगल्यावर मामीनं मला दुकानात नेलं, शटर अर्धं वर केलं आणि कॉम्प्युटरवरचं धुळीचं फडकं काढलं.

“मी जिती हाये का मेले?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, आजारी आहेस.

“मंग उठव मला जल्दी. काय लिहायचं ते लिही.”

मी कळफलकावर हात ठेवला. ‘स्वयंपाक’ लिहिलं, आणि लगेच कळलं की मी रडतेय. बाद. पुसलं. मग ‘बुद्धी’ लिहिलं, आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून वाटलं, हे जिंकणं कसलं? ज्याला उत्तर देता येत नाही त्याला हरवायला मी पत्रकं वाचून मोठी झाले नाही. तेही पुसलं. शिंदे सरांना फोन लावला. त्यांनी फोन उचलला आणि करंजवाडी म्हणताच ते रडायला लागले. त्यांचंही बाद. मामी म्हणाली, मला विचारू नका, मी रोगी आहे, रोग्याला मत नसतं. हे तिचं म्हणणं मला तत्त्वतः मान्य नाही, त्यावर मी वेगळं पत्रक काढणार आहे. पण ती ओळ आजही रिकामी आहे.

म्हणून वाचकहो, तुमच्याकडे आले. वर जो प्रश्न विचारला तो याचसाठी विचारला. मागणी तीच आहे, आता पूर्ण सांगते. या आठवड्यात स्वतःच्या हातानं एकदा पिठलं करा, गुठळी राहू देऊ नका. ज्यांच्या घरात ते रोज दुसरंच कुणी करतं, त्यांनी तर नक्की करा. मग घरातल्या औषधाची एक स्ट्रिप घ्या आणि पाठीवरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचा. घरात कुणी आजारी असेल तर त्याचं एक वेळचं औषध तुम्ही द्या. गोळी कुटायची असेल तर आधी विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात. हे सगळं झाल्यावर एका कागदावर एकच शब्द लिहा, स्वयंपाक की बुद्धी, खाली स्वतःचं नाव लिहा, आणि वडीगोद्रीहून जाल तेव्हा रसाच्या गाड्याशेजारच्या मेडिकलच्या शटरवर चिकटवा. खळ मामी देईल, माझी घेऊ नका.

तुम्हाला मामा माहीत नव्हता, हे बरं आहे. आता थोडा माहीत झाला असेल, तर तेवढा विसरा. तो गेला म्हणून त्याच्या बाजूनं मत देऊ नका. आणि लवकर द्या, मामी अंथरुणावर आहे.